जुनी पिकअप फटाके मारतेय? बॅकफायरचं मूळ कारण शोधायची पद्धत, अगदी सुरुवातीपासून

जुनी पेट्रोल पिकअप फटाके मारायला लागली की बहुतेक जण आधी कार्बोरेटर खोलून बसतात, नाहीतर प्लग, वायरी, कॉईल सगळं एकदम नवीन टाकतात, आणि एवढं करून फटाका तिथल्या तिथेच. माझं मत अगदी स्पष्ट आहे, बॅकफायरमध्ये पान्याला हात लावायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळवायची: आवाज कुठून येतोय आणि कधी येतोय. ही दोन उत्तरं नीट मिळाली की शोध निम्म्यावर येतो, बाकीचं काम टायमिंग लाईट (ठिणगी कधी पडते म्हणजे टायमिंग, ते दाखवणारा दिवा), व्हॅक्युम गेज (इंजिन हवा किती ओढतंय ते मोजणारा), मल्टीमीटर आणि कॉम्प्रेशन गेज करतात. हे सगळं पेट्रोल इंजिनासाठी आहे हं, कार्बोरेटरवाल्या गाड्या आणि डिस्ट्रिब्युटर (एकेका प्लगला करंट वाटून देणारा भाग) असलेल्या सुरुवातीच्या इंजेक्शनवाल्या गाड्या, डिझेलचा विषय पूर्ण वेगळा.

आत काय होतं ते आधी

पेट्रोल जळायचं ते सिलेंडरच्या आत, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना. ते दुसरीकडे कुठे जळलं की फटाका. दुसरीकडे म्हणजे दोनच जागा, एकतर वरती इन्टेक मॅनिफोल्डमध्ये (हवा-पेट्रोल सिलेंडरकडे नेणाऱ्या पाईपात), तेव्हा कार्बोरेटरच्या तोंडातून "फट्" किंवा शिंकल्यासारखा आवाज येतो, नाहीतर मागे सायलेन्सरच्या लाईनमध्ये, तेव्हा जोरात "धाड्" होतं.

वरून येणाऱ्या फटाक्यात ज्वाला इन्टेक वॉल्व्हच्या मागे पोचलेली असते. वॉल्व्ह नीट बसत नसेल, करंट (म्हणजे प्लगची ठिणगी) चुकीच्या वेळी पडत असेल, किंवा मिक्श्चरमध्ये (हवा-पेट्रोलच्या मिश्रणात) पेट्रोल कमी असेल तर हे होतं. पेट्रोल कमी असलं की मिक्श्चर हळू जळतं, इतकं हळू की पुढच्या वेळी इन्टेक वॉल्व्ह उघडतो तरी आत थोडी आग शिल्लक असते आणि तीच नवीन मिक्श्चर पेटवते. पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल लागतं, हवा ह्याच्या फार पुढे गेली की ही भानगड सुरू.

मागच्या फटाक्यात न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं, तिथे त्याला हवा मिळते, पाईप गरम असतोच, आणि पेटतं. इथे एक गैरसमज काढून टाका: मागून फटाका म्हणजे पेट्रोल जास्त, असं सरसकट नसतं. करंट पडलाच नाही किंवा मिक्श्चर इतकं पातळ (पेट्रोल इतकं कमी) की पेटलंच नाही, तरी पेट्रोल आणि हवा दोन्ही तसेच मागे जातात आणि तिथे फुटतात. म्हणून मागचा आवाज ऐकून लगेच कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बारीक करायला जाऊ नका.

सुरक्षेचं, हे गाळू नका

इंजिन चालू असताना किंवा क्रँक मारताना कार्बोरेटरच्या तोंडावर चेहरा नेऊ नका, वरचा फटाका डोळे, भुवया, हात सगळं भाजतो. एअर फिल्टर आणि त्याचं झाकण शक्यतो बसवूनच इंजिन चालवा, ते ज्वाला बरीचशी अडवतं. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, पेट्रोल कुठे ओलं दिसलं तर आधी ते पुसा आणि गळती बंद करा, मगच स्टार्टर. गाडी उघड्यावर उभी करा कारण एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साईड वासाने कळत नाही. चाकांना अडसर, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल किंवा पार्क, आणि बाह्या, ओढणी, हेडफोनच्या वायरी फॅनपासून लांब.

पहिली पायरी: कान लावा आणि लिहून ठेवा

खरंच कागदावर लिहा. एक जण गाडीत बसून रेस देईल, दुसरा आधी समोर बाजूला उभा राहील, मग मागे. फटाका कधी होतो ते बघायचं.

थंड इंजिनला वरून फटफट आणि गरम झाल्यावर बंद, तर चोक (थंड इंजिनाला हवा कमी करणारी झडप) लवकर उघडतोय किंवा लागतच नाहीये, किंवा मॅनिफोल्ड गरम करणारी व्यवस्था काम करत नाहीये. अचानक अॅक्सिलेटर दाबला की वरून एक फट् आणि मग गाडी उचलते, तर कार्बोरेटरचा अॅक्सिलेटर पंप (पाय दाबल्या क्षणी जादा पेट्रोल टाकणारा) हा पहिला संशयित, दुसरा मागे पडलेला टायमिंग. चढावर किंवा माल भरून ओढताना फटाके येतात आणि रिकामी गाडी गुपचूप चालते, तर करंट कमजोर आहे, वायरींमधून करंट शेजारी उडी मारतोय किंवा पेट्रोल पुरत नाहीये. उतारावर पाय काढला की मागून फटफट, तर एक्झॉस्टची लाईन हवा ओढतेय किंवा एअर पंपाचा (एक्झॉस्टमध्ये हवा सोडणाऱ्या पंपाचा) वॉल्व्ह गेलाय. क्रँक मारतानाच वरून धाड् आणि स्टार्ट होत नाही, तर फायरिंग ऑर्डर (सिलेंडर कोणत्या क्रमाने पेटतात ते), टायमिंग किंवा टायमिंग चेन (क्रँक आणि कॅम जोडणारी). चावी बंद करताना एकच मोठा धाड्, तर आयडल (पाय न लावता इंजिन फिरतं तो वेग) जास्त आहे किंवा बंद केल्यावरही कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय. खड्ड्यात गेल्यावर फटाका, तर वायर ढिली. पाऊस किंवा दमट सकाळ असेल तेव्हाच, तर डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि प्लगच्या वायरी.

अजून एक गोष्ट ऐका, ताल. फटाका अगदी ठरलेल्या तालात येत असेल तर एका सिलेंडरचं दुखणं आहे, बहुतेक वेळा वॉल्व्ह किंवा कॅम (वॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), कधी प्लग वायर. अधूनमधून, कसाही, कधी तीन लागोपाठ आणि मग बराच वेळ काही नाही, असं असेल तर सगळ्या सिलेंडरला सामायिक असलेली वस्तू बघा, म्हणजे कॉईल, रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा तुकडा), इग्निशन स्विच, डिस्ट्रिब्युटरच्या आतली वायर, पेट्रोलचा पुरवठा.

दुसरी पायरी: करंट

मी नेहमी करंटपासून सुरू करतो, कारण हे तपासायला काही खोलावं लागत नाही आणि करंटमधला दोष कार्बोरेटरच्या दोषासारखाच वागतो, त्यामुळे आधी तो बाजूला काढला नाही तर कार्बोरेटरचं अॅडजस्टमेंट चुकीच्या पायावर होतं.

गाडीवर अलीकडेच कुणी काम केलं असेल आणि त्यानंतर फटाके सुरू झाले असतील तर आधी फायरिंग ऑर्डर. शेव्हरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही ८ ची ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, आणि त्यांचा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो. फोर्डच्या जुन्या ३०२ ची १-५-४-२-६-३-७-८, तर ३५१ विंडसरची १-३-७-२-६-५-४-८, दोघांचाही रोटर उलट्या दिशेने फिरतो. फोर्डच्या ३०० सरळ सहाची १-५-३-६-२-४, आणि बहुतेक चार सिलेंडरवाल्यांची १-३-४-२. सिलेंडरचे नंबर कुठून मोजायचे हेही कंपनीप्रमाणे बदलतं, शेव्हरलेत ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला १-३-५-७, फोर्डच्या व्ही ८ मध्ये उजव्या बाजूला १-२-३-४, म्हणून दुसऱ्या गाडीचं बघून वायरी लावू नका, स्वतःच्या इंजिनाचं मॅन्युअल बघा. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर बोट ठेवा, कुणालातरी हाताने इंजिन फिरवायला सांगा, बोटाखालून हवा जोरात ढकलली गेली की कॉम्प्रेशन स्ट्रोक आला, पुलीची खूण शून्यावर आणा, आता कॅप काढून रोटरचं तोंड बघा, ते एक नंबर वायरीच्या जागेकडेच हवं. बरोबर विरुद्ध बाजूला असेल तर डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसलाय.

आता ज्या गोष्टीवर फार लोक अडकतात ती. शेव्हरलेच्या ऑर्डरमध्ये ५ नंतर लगेच ७ येतो आणि हे दोन सिलेंडर शेजारी शेजारी आहेत. जुन्या ३०२ मध्ये तीच जोडी ७ आणि ८. ह्या दोन वायरी लांबवर एकमेकींना चिकटून समांतर टाकल्या तर एकीच्या करंटमुळे दुसरीत करंट तयार होतो आणि पुढच्या सिलेंडरला वेळेच्या खूप आधी ठिणगी पडते. सगळे पार्ट नवीन आणि तरी लोडवर फटाका, असं असेल तर ह्या दोन वायरी सुट्या करा, त्यांच्यात दुसरी एखादी वायर घाला किंवा एकमेकींना काटकोनात ओलांडू द्या, होल्डरमध्ये वेगवेगळ्या खाचेत अडकवा. खर्च शून्य.

मग कॅप. काढून उजेडात तिरकी धरा आणि आतल्या भिंतीवर नजर फिरवा. पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेष एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंत किंवा खाली कडेपर्यंत गेलेली दिसते का बघा, कधी ती नखाने खरवडली तरी जात नाही आणि केसाएवढी बारीक असते, त्यामुळे टॉर्च बाजूने मारल्याशिवाय दिसतच नाही. हा कार्बन ट्रॅक. करंटला हा तयार रस्ता मिळतो आणि तो भलत्याच सिलेंडरला जातो. कॅप पुसून, घासून हे बरं होत नाही, कॅपच बदलायची, आणि सोबत रोटरही. रोटरच्या मधल्या पत्र्याखाली जळाल्यासारखा काळा ठिपका असेल तर करंट रोटरमधून आरपार खाली शाफ्टला जातोय, वरून तो अगदी चांगला दिसतो म्हणून उलटा करून बघायचा.

वायरींसाठी रात्रीची चाचणी अजूनही उत्तम. अंधारात इंजिन चालू ठेवा, स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी घ्या, वायरींवर आणि कॅपच्या बाहेरून अगदी बारीक धुकं मारा, पेट्रोल कुठे गळत नाही ना हे आधी बघून. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या किंवा इंजिन लगेच मिसिंग करायला लागलं की वायर गेली. हाताने वायर धरू नका, झटका जबर बसतो. मग इंजिन बंद करून मल्टीमीटरने एकेक वायर मोजा, लांबीच्या हिशोबाने सगळ्या साधारण एका प्रमाणात यायला हव्यात, एखादीच खूप वेगळी आली किंवा वाकवल्यावर आकडा उड्या मारायला लागला तर सेट बदला.

पॉइंट (कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या गाडीत पॉइंट जळालेत का, कंडेन्सरची वायर घट्ट आहे का, आणि ड्वेल मीटर असेल तर ड्वेल (पॉइंट किती अंश बंद राहतात ते), व्ही ८ ला साधारण ३० अंश. रेस देताना ड्वेल दोनतीन अंशांपेक्षा जास्त हलत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजलाय, शाफ्ट डुलतोय, आणि नवीन पॉइंट टाकून काही उपयोग नाही.

इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरमध्ये एक जागा हमखास बघायची. जीएमच्या (शेव्हरलेची मूळ कंपनी) एचईआय डिस्ट्रिब्युटरमध्ये पिकअप कॉईलच्या (ठिणगीची वेळ सांगणाऱ्या कॉईलच्या) दोन बारीक वायरी व्हॅक्युम अॅडव्हान्स (इंजिनाच्या ओढीवर टायमिंग पुढे नेणारा भाग) हलला की त्याच्याबरोबर वाकतात, वर्षानुवर्षं वाकून आतलं तांबं तुटतं आणि बाहेरचं आवरण मात्र शाबूत राहतं. गाडी आयडलला छान, अॅक्सिलेटर दिला की एक क्षण करंट गायब, पेट्रोल तसंच मागे, करंट परत आला की धाड्. तपासायला वायरी मॉड्युलपासून काढा, मल्टीमीटर लावा, ५०० ते १५०० ओहमच्या मध्ये आकडा यायला हवा, आता अॅडव्हान्सच्या नळीतून तोंडाने हवा ओढा म्हणजे प्लेट फिरेल, आणि त्याच वेळी आकड्याकडे बघा. आकडा स्थिर राहिला तर ठीक, उडाला तर कॉईल बदला. एक टोक बॉडीला लावूनही बघा, तिथे काहीच कनेक्शन दिसायला नको.

अधूनमधून येणाऱ्या फटाक्यात इग्निशन स्विच आणि कॉईलच्या प्लस वायरीचा कनेक्टरही विसरू नका. इंजिन चालू असताना चावी हलकेच हलवा, वायरींचा जुडगा हलवा. डॅशवर टॅकोमीटर असेल तर फटाक्याच्या क्षणी त्याची सुई झपकन खाली पडते का बघा, पडली म्हणजे कॉईलचा करंटच तुटतोय, मग कार्बोरेटर कितीही खोला, काही मिळणार नाही.

प्लग काढले की क्रमाने मांडून ठेवा. फिकट तपकिरी असेल तर ते सिलेंडर ठीक, पांढरा फटक असेल तर पेट्रोल कमी, कोरडा काळा काजळीवाला म्हणजे पेट्रोल जास्त, ओला म्हणजे पेटतच नाहीये. आठांपैकी एकच वेगळा दिसला तर तेवढ्याच सिलेंडरच्या मागे लागा, सगळेच पांढरे असतील तर पेट्रोल किंवा हवेच्या पायरीकडे वळा.

तिसरी पायरी: टायमिंग

टायमिंग मागे पडलं की पेट्रोल उशिरा पेटतं, एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडतो तेव्हाही जळत असतं, पाईप लाल व्हायला येतो आणि मागे फटाके. फार पुढे गेलं तर क्रँक मारताना इंजिन उलटा धक्का देतं आणि वरून फुटतं.

बॉनेटखालच्या स्टिकरवर तुमच्या इंजिनाचा आकडा लिहिलेला असतो, तोच धरा. इंजिन गरम करा, व्हॅक्युम अॅडव्हान्सची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडल सांगितलेल्या आरपीएमवर आणा आणि एक नंबरच्या वायरीवर लाईट लावा. मग हळूहळू रेस वाढवा, खूण सरकत पुढे जायला हवी, जुन्या व्ही ८ मध्ये व्हॅक्युम सोडून एकूण अॅडव्हान्स ३००० आरपीएमच्या आसपास साधारण ३० ते ३६ अंशांपर्यंत पोचतो. खूण हललीच नाही तर आतली वजनं गंजून अडकलीत, ती साफ करून तेल द्या. खूण मागेपुढे नाचत असेल तर टायमिंग चेन ढिली किंवा डिस्ट्रिब्युटर झिजलेला.

इंजेक्शनवाल्या गाडीत कॉम्प्युटर स्वतः टायमिंग पुढे नेतो, त्यामुळे बेस टायमिंग बघताना त्याला बाजूला करावं लागतं. जीएमच्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनमध्ये त्यासाठी एक तपकिरी-काळ्या वायरीचा कनेक्टर काढायचा असतो, फोर्डमध्ये डिस्ट्रिब्युटरजवळचा स्पाउट नावाचा छोटा प्लग. हे न करता टायमिंग सेट केलेल्या गाड्या खूप दिसतात, आणि मग सगळंच चुकतं.

अजून एक फसवणारी गोष्ट, पुलीवरच्या डॅम्परची बाहेरची रिंग रबरावर बसलेली असते आणि जुन्या इंजिनात ती घसरते. खूण शून्य दाखवते आणि पिस्टन वेगळ्याच जागी असतो. टायमिंग आकड्यावर बरोबर पण गाडी मेल्यासारखी, असं झालं तर प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप लावून खरा शून्य कुठे आहे ते शोधा.

चौथी पायरी: हवा

व्हॅक्युम गेज स्वस्त आहे आणि इतकी माहिती दुसरं कुठलंही साधन देत नाही. मॅनिफोल्डच्या नळीला लावा, गरम इंजिन, आयडल. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनाची सुई १७ ते २१ इंचांवर स्थिर उभी राहते, उंचीवर गेलं की दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. सुई स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे किंवा कुठेतरी हवा ओढतेय. ठरलेल्या तालात सारखी टपकन खाली पडत असेल तर एक वॉल्व्ह नीट बसत नाहीये. २५०० आरपीएम धरून ठेवले आणि सुई हळूहळू उतरत गेली तर एक्झॉस्ट चोक झालंय, सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

हवा कुठून ओढतेय ते शोधायला आधी नळ्या बघा, जुन्या रबराला खालच्या बाजूने चिरा पडतात आणि वरून त्या अखंड दिसतात. ब्रेक बूस्टरची जाडी नळी, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत ओढणारी) नळी, कार्बोरेटरखालचं गॅस्केट, मॅनिफोल्डचं गॅस्केट, थ्रॉटलच्या शाफ्टची झिजलेली भोकं. एकेक नळी पक्कडीने हलकेच दाबा आणि आयडल बदलतो का ऐका. काही लोक गरम इंजिनावर कार्ब क्लिनर फवारतात, पण जी गाडी आधीच फटाके मारतेय आणि जिच्या वायरी लीक असू शकतात तिच्यावर पेट घेणारा स्प्रे मारणं मला अजिबात पटत नाही. साबणाचं पाणी मारा किंवा स्मोक मशीन मिळालं तर उत्तम, धूर आपोआप जागा दाखवतो.

ईजीआर वॉल्व्ह (थोडा जळालेला गॅस परत इंजिनात सोडणारा) असेल तर तोही इथेच बघून घ्या. आयडलला तो बंद हवा, हातमोजा घालून खालून डायफ्राम वर उचला, इंजिन अडखळलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर तो आधीपासून उघडा अडकलाय किंवा त्याचा रस्ता कार्बनने बुजलाय.

पाचवी पायरी: पेट्रोल

इंजिन बंद, एअर फिल्टर काढा, बॅटरीच्या उजेडात कार्बोरेटरमध्ये बघा आणि हाताने थ्रॉटल पटकन उघडा. थ्रॉटल हलल्या क्षणी पेट्रोलची जोरदार धार पडली पाहिजे, टू बॅरलमध्ये दोन. धार उशिरा आली, एकच आली किंवा नुसते थेंब, तर पंपाचा डायफ्राम कडक झालाय, त्याचा वॉल्व्ह चिकटलाय किंवा नोझलमध्ये कचरा. रेस देताना येणारा वरचा फटाका बऱ्याच गाड्यांत एवढ्यानेच थांबतो.

लोडवर फटाके असतील तर पेट्रोल पुरतंय का बघा. आधी फिल्टर, मग प्रेशर, कार्बोरेटरवाल्या मेकॅनिकल पंपाला साधारण ४ ते ७ पीएसआय, जीएमच्या थ्रॉटल बॉडीला ९ ते १३. गेज लावून चालत्या गाडीत लोडवर बघितलं तर जास्त कळतं, कारण आयडलला खराब पंपसुद्धा चांगला आकडा दाखवतो. टाकीपासून येणाऱ्या रबरी नळीला भोक असेल तर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो आणि बाहेर गळती दिसत नाही. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा, पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसतो.

फ्लोट लेव्हल (कार्बोरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी) खाली असेल तर पेट्रोल कमी आणि वरून फटाके, फ्लोट बुडत असेल किंवा नीडल धरत नसेल तर पेट्रोल जास्त आणि मागून. जुन्या होली कार्बोरेटरमध्ये पॉवर वॉल्व्हचा (लोडवर जादा पेट्रोल देणाऱ्या वॉल्व्हचा) डायफ्राम वरच्या एका मोठ्या फटाक्याने फाटू शकतो, मग गाडी काळा धूर काढते आणि मागूनही फटाके मारते, म्हणजे पहिल्या दोषातून दुसरा तयार होतो. आयडलचे मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत फिरवले तरी इंजिन बंद पडत नसेल तर हा वॉल्व्ह तपासा.

इंजेक्शनवाल्या गाडीत कोड वाचा. जीएमच्या जुन्या पिकअपमध्ये डॅशखालच्या १२ पिनांच्या कनेक्टरमधले ए आणि बी टर्मिनल जोडून इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली की दिवा लुकलुकून कोड सांगतो. ४४ म्हणजे एक्झॉस्ट पातळ, ४५ म्हणजे जाड (पेट्रोल जास्त), ४२ म्हणजे टायमिंगचं सर्किट, १४ आणि १५ कूलंट सेन्सर. कूलंट सेन्सर खोटं थंड सांगत राहिला तर कॉम्प्युटर गरम इंजिनातही पेट्रोल ओततच राहतो. आणि ४४ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलू नका, एक्झॉस्टच्या लीकमधून आत गेलेली हवासुद्धा त्याला पातळ वाटते.

सहावी पायरी: मागची लाईन

पाय काढल्यावरच फटफट होत असेल तर इथे या. थंड इंजिन स्टार्ट करा, सायलेन्सरचं तोंड जाड कापडाने काही सेकंद दाबा आणि कुठे फुसफुस ऐकू येते ते बघा, मॅनिफोल्डचं गॅस्केट, तुटलेला बोल्ट, पाईपचा जोड. लीकच्या जागी काळे ओघळ असतात. एअर पंप असलेल्या गाडीत पाय काढल्यावर पंपाची हवा डायव्हर्टर वॉल्व्हने बाहेर सोडायची असते. तो अडकला की ती हवा थेट गरम पेट्रोलच्या वाफांना मिळते. पंपाकडून मॅनिफोल्डला जाणारी नळी तात्पुरती काढून पंपाचं तोंड मोकळं ठेवा, मॅनिफोल्डचं तोंड बंद करा आणि गाडी चालवून बघा, फटाका गेला तर वॉल्व्ह किंवा त्याची व्हॅक्युम नळी बदला आणि सगळं परत जोडा.

सातवी पायरी: इंजिनाच्या आत

वरचं सगळं ठीक निघालं, किंवा पहिल्याच दिवशी फटाका तालात येत होता, तर आता कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढा, कॉईल बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलेंडरला सारखेच क्रँक द्या. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली नको. शेजारचे दोन कमी आले तर हेड गॅस्केट. एकच कमी असेल तर त्यात कॉम्प्रेसरची हवा सोडून ऐका: कार्बोरेटरमधून सुस्कारा आला तर इन्टेक वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, ऑईल भरायच्या तोंडातून तर रिंगा. अॅडजस्ट करायचे टॅपेट असतील तर ह्याच्या आधी गॅप बघा, फार घट्ट टॅपेट वॉल्व्ह उघडाच ठेवतो आणि तो हळूहळू जळतो.

कॉम्प्रेशन चांगलं येऊनही वरून तालात फटफट येत असेल तर कॅम. एक्झॉस्टचा लोब झिजला की वॉल्व्ह पुरेसा उघडत नाही, जळालेला गॅस आतच अडकतो आणि इन्टेक उघडला की उलटा वर येतो. वॉल्व्ह कव्हर काढा, इंजिन हळू फिरवा आणि रॉकर एकेक करून बघत जा, सोळापैकी पंधरा रॉकर (वॉल्व्ह दाबणारे) सारखे डोकं हलवत असतील आणि एकच जेमतेम हलत असेल तर नजरेलाच कळतं, डायल गेज लावलं तर खात्री होते. तुटलेली वॉल्व्ह स्प्रिंग आणि वाकलेली पुशरॉडही इथेच सापडतात.

टायमिंग चेनसाठी काही खोलायची गरज नाही. कॅप काढा, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन एका दिशेने फिरवा, रोटर हलायला लागला की थांबा आणि पुलीच्या खुणेवर आकडा लक्षात ठेवा. आता पाना उलट फिरवा आणि फक्त रोटरकडे बघा. पुली सरकतेय, पाना सरकतोय आणि रोटर जागचा हलत नाहीये, तो जितके अंश थांबून राहिला तितकी चेन ढिली. पाचएक अंशांपर्यंत चालून जातं, दहाच्या आसपास गेलं तर चेन आणि गिअर दोन्ही बदला, जुन्या बऱ्याच इंजिनांत कॅम गिअरचे दात नायलॉनचे असतात, ते तुटून ऑईल पॅनमध्ये पडतात आणि चेन दात सोडून उडी मारते. त्यावेळी पॅन काढून पंपाची जाळीही साफ करा, नाहीतर तुकडे तिथे अडकून ऑईल प्रेशर जाईल.

दोष सापडल्यावर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मगच गाडी चालवा, दोन एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळणार नाही आणि अर्धवट दोष लपून राहील. फटाका थांबला की त्याने मागे काय मोडलंय ते बघा: सायलेन्सरचा जोड फुगलाय का, आतली जाळी सुटून खडखडतेय का, कन्व्हर्टर ठोकल्यावर आत खुळखुळतोय का, होली असेल तर पॉवर वॉल्व्ह, पीसीव्हीची नळी जागेवरून उडालीय का. मग ज्या परिस्थितीत फटाका यायचा नेमकी तीच द्या, थंड स्टार्टला यायचा तर रात्रभर उभी ठेवून सकाळी, लोडवर यायचा तर माल भरून चढावर, आणि परत आल्यावर प्लग काढून रंग बघा, सगळे एकसारखे फिकट तपकिरी आले की बॉनेट लावा.